आधी ट्रकची मर्यादा, मग बोट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या सुटीतल्या छंदांवर लेख आला होता. टेक्सासच्या तलावांवर बास मासे पकडायला जाणाऱ्यांचं त्यात छान वर्णन होतं. एक वाक्य मात्र खटकलं. छोटा पिकअप ट्रक असला की मागे एखादी स्वस्तातली बोट अडकवायची आणि निघायचं, अशा अर्थाचं ते होतं. त्यावर विसंबून डॅलसकडचं कुणी खरोखर निघालं, तर पहिल्या उतारावर नाही तर बोट पाण्यात उतरवायच्या पहिल्या रॅम्पवर पस्तावेल. म्हणून हे पत्र. लांबलं आहे; जागेअभावी कापावं लागलं तर शब्द कापा, आकडे राहू द्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं आधीचं. बास म्हणजे इथे लार्जमाउथ बास, मोठ्या जबड्याचा गोड्या पाण्यातला मासा. तो उथळ पाण्यात, शेवाळात, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांशी दबा धरून बसतो. त्यामुळे बोटही तशीच लागते: बुटकी, रुंद, फूटभर पाण्यात तरंगणारी. उभं राहून गळ फेकता यावा म्हणून पुढेमागे सपाट फळी, नाकावर पायाने चालवायची बिनआवाजाची विजेची मोटर आणि मासे जिवंत ठेवायची टाकी, जिला लाइव्हवेल म्हणतात. अशी पहिली बोट १९४८ साली लुइझियानात होम्स थर्मंड यांनी बनवली, ती स्कीटर. पण सामान्य माणसाच्या आवाक्यात हा प्रकार आला तो १९७८ मध्ये. जॉनी मॉरिस यांनी अ‍ॅल्युमिनियमची बोट, मोटर आणि ट्रेलर एकाच किमतीत विकायला काढले आणि त्याला बास ट्रॅकर नाव दिलं. आज ‘स्वस्त बास बोट’ म्हटल्यावर जी डोळ्यासमोर येते, ती याच घराण्यातली, सोळा-सतरा फुटी अ‍ॅल्युमिनियमची.

आता ट्रक. जाहिरातीत ओढण्याचा जो आकडा असतो तो त्या मॉडेलच्या सर्वांत दणकट आवृत्तीचा असतो, तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा असेलच असं नाही. फोर्ड मॅव्हरिक घ्या, कारण बरीच नवी मंडळी हाच ट्रक घेतात. साध्या हायब्रिड मॅव्हरिकची मर्यादा २,००० पाउंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो. दोन लिटर टर्बो इंजिनाची मर्यादाही मुळात तेवढीच. ४,००० पाउंड हवे असतील तर कारखान्यातूनच ‘फोर-के टो’ पॅकेज बसवून घ्यावं लागतं. २०२५ पासून चारही चाकांना ओढ असलेल्या हायब्रिडलाही ते मिळतं. ह्युंदाई सांता क्रूझच्या साध्या इंजिनाला ३,५०० आणि टर्बोला ५,०००. नव्या फोर्ड रेंजरला टोइंग पॅकेज नसेल तर ३,५०० आणि असेल तर ७,५००. एकाच नावाच्या दोन ट्रकांत दुपटीचा फरक. तेव्हा सेकंड हँड ट्रक बघताना मूळ विंडो स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवरचा तपशिलाचा कागद) मागा आणि मॅन्युअलमधला टोइंगचा, म्हणजे ट्रेलर ओढण्याचा, तक्ता इंजिन, ड्राइव्ह आणि पॅकेज जुळवून वाचा.

‘मागून हिच लावून घेऊ, दोन-तीनशे डॉलरचं काम’ हा सल्ला फार ऐकू येतो. हिच म्हणजे नुसता खुंटा. मॅव्हरिकच्या त्या पॅकेजात मोठा रेडिएटर, वेगळा पंखा, ट्रान्समिशन ऑइलचा कूलर, ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर आणि सात पिनांचा प्लग येतो. गिअरचं अंतिम प्रमाणही वेगळं असतं. खुंट्यावर ५,००० पाउंडांचा शिक्का असला तरी ट्रकचे २,००० हे २,००० च राहतात. सगळ्यांत आधी ट्रान्समिशनचं ऑइल तापतं. ऑगस्टमध्ये बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी फुल आणि समोरून वारा असला, की सपाट रस्त्यावरसुद्धा.

हा आकडा काढतात कसा, तेही माहीत असावं. एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी घेताना गाडीत १५०-१५० पाउंडांची दोन माणसं धरतात आणि अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमच्या सुमारे ११ मैलांच्या चढावर एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलर ओढतात. म्हणजे दोन सडपातळ माणसं. तुमच्या गाडीत चौघं, मागच्या हौद्यात तंबू, गॅसची शेगडी आणि बर्फाची पेटी असेल, तर ते जादा वजन त्या २,००० मधून वजा करायचं. ट्रक आणि ट्रेलर मिळून एक एकत्रित मर्यादा असते, ती मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं लेबल फक्त माणसं आणि सामान मिळून किती, एवढंच सांगतं. ट्रेलरचं जे वजन हिचवर टेकतं तेही त्यातच धरायचं, हे बहुतेकजण विसरतात.

आता हिशेब मांडून बघू. साठ हॉर्सपॉवरची सतरा फुटी बोट. विक्रेता म्हणतो, ‘बोट नऊशे पाउंड, तुमचा ट्रक आरामात ओढेल.’ ते नऊशे नुसत्या सांगाड्याचे. साठ हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक मोटर साधारण २४७ पाउंड, ट्रेलर ५००. झाले १,६४७. बारा गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पाउंडांच्या थोडं वर, म्हणजे ७३. स्टार्टरची बॅटरी ४५. पुढच्या विजेच्या मोटरसाठी दोन डीप सायकल (दिवसभर सावकाश वापरायच्या) बॅटऱ्या, ५५ ची एक, म्हणजे ११०. ती विजेची मोटर ४०. गळ, दांड्या, खोके, नांगर, फिश फाइंडर मिळून १५०, आणि हा आकडा कमीच आहे, कारण बासवाल्यांच्या खोक्यात शिसं असतं. लाइफ जॅकेट, दोऱ्या, वल्हं ४०. बर्फपाणी ६०. ट्रेलरचं जादा चाक ४०. बेरीज २,२०५ पाउंड. दुकानात ‘आरामात’ असलेली बोट रस्त्यावर आली तेव्हा साध्या मॅव्हरिकच्या मर्यादेबाहेर गेलेली असते. त्यातून लाइव्हवेल रिकामी केली नसेल तर वीस गॅलन पाण्याचे आणखी १६७, तेही थेट शेपटीकडे.

यातलं एक ओझं मात्र सहज उतरवता येतं. पुढच्या मोटरचा साधा ठोकताळा असा: पाण्यातल्या भरल्या बोटीच्या दर १०० पाउंडांना २ पाउंड थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर. ट्रेलर वजा करून दोन माणसं मिळवली की ही बोट २,००० पाउंडांच्या आसपास येते, म्हणजे किमान ४० थ्रस्ट. वाऱ्यासाठी थोडं वर धरून ५५ पुरतो आणि ५५ पर्यंत बारा व्होल्ट चालतात. मग एकच डीप सायकल बॅटरी. दुकानदार २४ व्होल्टची, ऐंशी थ्रस्टची मोटर पुढे करतो. छोट्या ट्रकवाल्याने ती मोह सोडून परत करावी. लिथियम बॅटरी घेतली तर १०० अँपिअर-अवरची तीस पाउंडांच्या आतबाहेर येते, पण चार्जर तिच्यासाठीचाच हवा. स्टार्टरच्या जागी लिथियम घालायची तर मोटर बनवणाऱ्या कंपनीने परवानगी दिली आहे का ते आधी बघा. बारा व्होल्टच्या मोटरला पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो. तेव्हा सहा गेजची तार आणि ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीजवळ बसवा. जुन्या बोटीत पुष्कळदा दहा गेजची, म्हणजे त्याहून बारीक तार सापडते. ती गरम होते, व्होल्टेज पडतं आणि लोक बॅटरीला दोष देतात.

मग घ्यायचं काय? २,००० च्या मर्यादेत राहायचं तर जॉन बोट: चपट्या तळाची, अ‍ॅल्युमिनियमची, चौदा ते सोळा फुटी, मागे २० ते २५ हॉर्सपॉवरची हाताने वळवायची मोटर. तिच्यावर १४४८, १६४८ असे आकडे लिहिलेले असतात. पहिले दोन लांबी फुटांत, पुढचे दोन तळाची रुंदी इंचांत. उभं राहून गळ टाकायचा तर ४८ इंचांपेक्षा अरुंद तळ घेऊ नका, दुसरा माणूस हलला की पहिला बसतो. ट्रेलर आणि सगळं सामान धरून अशी बोट १,००० ते १,४०० पाउंडांत बसते. चपट्या तळाला लाटा सोसत नाहीत, दुपारी वारा सुटला की दात वाजतात. पण खाडीसारख्या आत गेलेल्या फाट्यांमध्ये हीच बोट मोठ्या बोटींच्या नाकावर टिच्चून मासा आणते.

३,५०० ची मर्यादा असेल तर वर हिशेब केलेली सतरा फुटी, थोड्या व्ही आकाराच्या तळाची अ‍ॅल्युमिनियम बोट, ५० ते ७५ हॉर्सपॉवर. आमच्या मते छोट्या ट्रकसाठी याच्यापुढे जाऊ नये. अठरा फुटी फायबरग्लासची, दीडशे हॉर्सपॉवरची बोट जुन्या बाजारात कधीकधी अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही स्वस्त दिसते आणि तिथेच माणूस फसतो. नुसती मोटरच साडेचारशे पाउंडांची, आणि भरून ट्रेलरवर चढली की ती ३,५०० ला टेकते किंवा ओलांडते. शिवाय आमच्याकडच्या लेक फोर्कसारख्या तलावात, १९८० साली धरण झालं तेव्हा झाडं उभीच ठेवली होती, बुंधे आजही पाण्याखाली आहेत. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पाउंडांचा, १९९२ च्या जानेवारीत याच तलावात मिळाला, म्हणून तिथे गर्दी असते. बुंध्यावर आपटून अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो. फायबरचा जेलकोट (वरचा चकचकीत थर) तडकतो, आत पाणी जातं आणि खर्च दुसऱ्याच आकड्यात बोलतो.

मोटर कमी ताकदीची घेऊन पैसे वाचवू नका. बोटीत क्षमतेची पाटी असते, तीवर जास्तीत जास्त हॉर्सपॉवर लिहिलेली असते. ती ओलांडायची नाहीच, पण तिच्या साठ टक्क्यांच्याही खाली जाऊ नये. सतरा फुटी बोटीला २५ ची मोटर लावली तर दोन माणसं आणि सामान घेऊन ती पाण्यावर उचलली जात नाही, नाक वर करून नांगरत राहते. पेट्रोल दुप्पट, वेग सायकलचा.

ट्रेलरकडे लोक सर्वांत शेवटी बघतात. वाटेत अडकवतो तोच.

सुरुवात टायरपासून. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेलं हवं. १७५/८०-१३ मापाचा लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) बी टायर ३५ पीएसआय हवेला १,१०० पाउंड पेलतो, सी रेंजचा ५० पीएसआयला १,३६०. आपल्या २,२०५ पाउंडांतले दोनशे हिचवर गेले, दोन हजार दोन टायरांवर उरले. बी रेंजचे दोन मिळून २,२००. दहा टक्के शिल्लक, आणि हवा पाच-सात पीएसआय कमी असली की तीही गेली. सी रेंज घ्या आणि हवा बाजूवर लिहिलेली कमाल, थंड टायरला. ट्रकच्या टायरला हवा कमी असली तर गाडी जड चालते म्हणून समजतं. ट्रेलरचं काहीच कळत नाही, टायर फुटून मडगार्ड फाडतो तेव्हाच कळतं. बाजूवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी कोरी दिसत असली तरी टायर बदला. बोटीचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात.

बेअरिंगची गोष्ट वेगळी, तिच्यात पाणी आहे. तासभर साठ मैलांच्या वेगाने आलं की हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, गरम झालेला असतो. तसाच रॅम्पवरून थंड पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि मागच्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधी होतं, पुढच्या दोन-तीन महिन्यांत बेअरिंगवर गंज धरतो आणि एक दिवस हायवेवर चाक अडकतं. उपाय दोन. रॅम्पवर पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात पट्टे सोडणं, सामान चढवणं होतं. दुसरा, स्प्रिंग असलेली हब कॅप, जी आतल्या ग्रीसवर थोडा दाब ठेवते. पण ग्रीसगन मिळाली म्हणून दाबत सुटू नका. जास्त झालं की मागचं सील उलटं बाहेर येतं. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले की सील गेलं समजा. जुना ट्रेलर बघताना चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) नको. फिरवा, खरखर नको. आणि लांबच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा दोन्ही हबांना हात लावा. कोमट चालेल. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर तिथेच थांबा. ग्रीस भरलेला आख्खा जादा हब खोक्यात ठेवणारे वेडे नसतात.

हिचवरचं वजन समजायला बैलगाडी आठवा. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. बोटीच्या ट्रेलरचंही तेच, आणि बोटीची मोटर, टाकी, बॅटरी सगळं मागेच असतं. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के हिचवर हवं. आपल्या उदाहरणात दीडशे ते सव्वादोनशे पाउंड. मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो: त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरचं तोंड, उंची हिचच्या बॉलइतकी. कमी भरलं तर ट्रेलर ताशी ५५ मैलांच्या पुढे शेपूट हलवायला लागतो. छोट्या, हलक्या ट्रकला ते हलणं पुढे घेऊन जातं. इथे एक घोडचूक होते. हिचवर भार जास्त भरला की लोक विंचचा (बोट ट्रेलरवर ओढायच्या रहाटाचा) खांब मागे सरकवून बोट मागे ढकलतात. हिचवरचं वजन कमी होतं खरं, पण बोटीचा मागचा काठ, ज्याला ट्रान्सम म्हणतात आणि ज्यावर मोटर लटकते, तो ट्रेलरच्या फळ्यांच्या बाहेर लोंबकळतो. काही महिन्यांत तळाला बाक येतो आणि बोट धावताना नाक खुपसते. फळ्या ट्रान्समपर्यंत पोचल्याच पाहिजेत. त्या तशा ठेवून आस सरकवावा: हिचवर भार कमी असेल तर मागे, जास्त असेल तर पुढे. यू-बोल्ट सैल करून दोन-चार इंचांचं काम असतं, दोन्ही बाजू फूटपट्टीने सारख्या ठेवून.

ब्रेकबद्दल टेक्सासचा कायदा ढिला आहे: भरलेल्या ट्रेलरचं वजन ४,५०० पाउंडांच्या आत असेल तर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत. बऱ्याच राज्यांत ही रेषा ३,००० वर आहे. ट्रकच्या मॅन्युअलमधली रेषा मात्र या दोन्हींच्या बरीच खाली असते आणि पाळायची ती हीच. बोटीच्या ट्रेलरला सहसा सर्ज ब्रेक असतात. ट्रकने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने तोंडातला सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रकमध्ये वेगळा कंट्रोलर लागत नाही. भानगड रिव्हर्समध्ये होते. चढावर मागे घेताना तोच रेटा निर्माण होतो आणि ब्रेक आवळले जातात. त्यासाठी पाच पिनांचा प्लग हवा. पाचवी तार रिव्हर्सच्या दिव्याची, ती मिळाली की ब्रेक सुटतात. चार पिनांचा प्लग लावून ‘ट्रेलर मागे जात नाही’ म्हणून क्लच, गिअर, नशीब सगळ्यांना बोल लावणारे प्रत्येक रॅम्पवर भेटतात.

रॅम्पवर छोट्या ट्रकची परीक्षा होते. पंधरा टक्के उतार धरला, तर दोन माणसांसह ४,००० पाउंडांचा ट्रक आणि २,२०० ची बोट वर काढायला सव्वानऊशे पाउंडांची ओढ लागते, वर बोटीतून गळणारं पाणी वेगळं. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या ट्रकचं नाक चढावर आधीच हलकं होतं, त्यात हिचवरचं वजन मागचा भाग दाबतं. पुढची चाकं कोरड्या सिमेंटवर असूनही फिरत राहतात. मागच्या चाकांना ओढ असली तर ती चाकं शेवाळावर. बास बोट ओढायचीच असेल तर चारही चाकांना ओढ असलेला ट्रक घ्या; पैसे कमी असतील तर बोटीतून दोन फूट कमी करा, यातून करू नका. आणि घसरलं तर गॅस दाबू नका. थोडं खाली येऊन, चाकं सरळ करून पुन्हा.

पाण्यात सोडण्याआधीचा क्रम असा: तळाचं बूच लावा. मागचे दोन्ही पट्टे काढा, पुढची साखळी आणि विंच तशीच. ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा. मोटर थोडी वर. मग मागे. बूच आधी, कारण ते विसरण्यात नवखा-जुना असा भेद नाही. आणि रस्त्यावर निघताना मागचे पट्टे परत आवळा. विंचचा पट्टा बोट वर ओढायला असतो, बांधून ठेवायला नव्हे.

जुनी बोट घेणार असाल तर मालकाला आधीच सांगा, मोटर चालू करून ठेवू नका. गरम मोटर सगळ्याच चालू होतात. गेल्यावर मोटरवर हात ठेवून थंड आहे ना बघा. तिचा खालचा टोकाचा भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा आणि नजर ट्रान्समवर ठेवा. जुन्या बोटींत तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या आत लाकडी फळी असते. ट्रान्सम श्वास घेतल्यासारखा हलला तर लाकूड कुजलंय. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा: टणक आवाज चांगला, भद्द आवाज वाईट. हे दुरुस्त होतं, पण स्वस्त बोटीच्या किमतीत नाही.

मग खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल. खालचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब बोटावर घ्या. दुधी असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. लोखंडाचा चुरा चमकला तर गिअर खाल्ले गेलेत. प्रत्येक सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. आकडा मोठा की छोटा यापेक्षा ते एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं. बागेतल्या नळीने पाणी देऊन चालवा आणि मागून पाण्याची धार येते का बघा. मंद असेल तर पंपाचा रबरी इम्पेलर गेला. तो स्वस्त आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलायचाच असतो, पण मालकाने तो तसाच ठेवून मोटर तापवली असेल तर कम्प्रेशनमध्ये दिसेल. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं. वर्षभर उभ्या बोटीच्या टाकीत खाली पाण्याचा थर बसतो. टाकी उपसा, नळ्या बदला, दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटमधून गळती आहे का हे पाहायला बोट ट्रेलरवर असतानाच आत दोन-तीन इंच पाणी भरा आणि खाली वाका. खडूने खुणा करत जा. त्याहून जास्त पाणी भरू नका, ते वजन तळ आणि ट्रेलर दोघांना झेपत नाही. पाच-सहा रिव्हेट पाझरत असतील तर भाव करा. पण आडव्या पट्ट्यांजवळ वेल्डिंगला तडे असतील तर निघा. फळीखाली भरलेला फोम जुन्या बोटीत पाणी पितो आणि शंभर-दोनशे पाउंड नुसतं पाणीच विकत घेतलं जातं. डोळ्यांनी दिसत नाही, काट्यावर दिसतं.

काटा म्हणजे साखर कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांना असतो तसाच. इथे हायवेवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल असतात, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं पावतीवर मिळतात. एकदा जोडून तोला, एकदा नुसता ट्रक. वजाबाकीत ट्रेलरचं खरं वजन, आणि ट्रकच्या दोन्ही आसांवर मिळून किती वाढलं त्यावरून हिचवरचा भारही कळतो.

कागदपत्रांत टेक्सासची एक खोच आहे. बोटीचं टायटल (मालकीचा कागद) वेगळं आणि मागे लटकणाऱ्या आउटबोर्ड मोटरचं वेगळं, दोन्ही टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडे. ट्रेलरचे कागद काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. तीन वस्तू, तीन कागद. बोटीचा बारा अक्षरी नंबर ट्रान्समच्या उजव्या अंगाला असतो, मोटरचा तिच्या कंसावर. दोन्ही कागदाशी अक्षर न अक्षर जुळवा. मोटरचं टायटल ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या. १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला १५ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवायला बोटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे घरातल्या तरुण मुलांना ते हवंच.

तलावावरून निघताना बूच काढून बोटीतलं, लाइव्हवेलमधलं सगळं पाणी तिथेच सोडायचं, असा टेक्सासचा कायदा आहे. २००९ मध्ये लेक टेक्सोमात झेब्रा शिंपले सापडले आणि बोटींच्या पाण्यातून ते एका तलावातून दुसऱ्यात पसरतात. छोट्या ट्रकला त्यात आपसूक १६७ पाउंडांची सूट मिळते. काढलेलं बूच मात्र स्टिअरिंगला अडकवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हातात आपोआप येतं.

आपले,
बास मासेमारी करणारे काही मराठी वाचक
डॅलस परिसर, टेक्सास